जिताड्यासाठी घेतलेली रील

कुवेतमधल्या आमच्या सालमियाच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराआड एक निळी बादली असते. तिच्यात कपडे भिजवायचे नाहीत, तिने फरशी पुसायची नाही, आणि पाहुण्यांच्या पोरांनी तिला हात लावायचा नाही. ती रीलची बादली. मासे धरायच्या काठीला खाली दोरी गुंडाळायचं जे यंत्र लावतात ना, ती रील. शुक्रवारी किनाऱ्यावरून आलं की आधी रीलची आंघोळ, मग ह्यांची, आणि मग जेवण. आमटी गार झाली तरी चालेल, पण रीलवरचं खारं पाणी वाळता कामा नये, असा आमच्या घरचा कायदा. त्या कायद्यावर मी पुष्कळ वर्षं तोंड सोडलं आणि पुष्कळ वर्षं तो पाळलाही.

बादली अजून तिथेच आहे. मुलगी म्हणते, "आई, ती टाकून दे ना, पाय अडकतो." मी हो म्हणते आणि टाकत नाही.

आमचं गाव रायगडात, खाडीवर. ह्यांचं अलीकडच्या काठाला, माझं माहेर पलीकडच्या. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे मातीचे लांब बांध असतात, आणि बांधाला पाणी सोडायची लाकडी दारं असतात. त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीतून पाणी सुटलं की त्याच्याबरोबर कोळंबी, बारीक मासळी भसाभसा बाहेर पडते, आणि पुढ्यातल्या खोल पाण्यात जिताडा तोंड वासून उभा असतो. जिताडा खाल्लाय का तुम्ही? आमच्याकडे तो जावयाला करतात, विहिणीला पाठवतात, आणि कोर्टात काम अडलं की वकिलाच्या घरीसुद्धा नेऊन देतात. इथे कुवेतच्या समुद्रात हमूर मिळतो, शेम मिळतो, सगळं चांगलं. पण ह्यांनी इथला कुठलाही मासा खाल्ला की शेवटचा काटा ताटात ठेवताना म्हणायचे, "बरा आहे. जिताडा नाही."

हे एसीच्या कंपनीत मेकॅनिक. उन्हाळ्यात लोकांच्या गच्च्यांवर उन्हात उभे राहून दुसऱ्यांची घरं गार करायची, हे ह्यांचं आयुष्य. मी घरी बॅचलर माणसांचे डबे करायचे. ह्या सगळ्यात ह्यांची एकच चैन, शुक्रवारी काठी घेऊन किनाऱ्यावर बसायचं. आणि एकच बेत. रिटायर झालो की गावी जायचं, आपल्या उघाडीपुढे उभं राहायचं, आणि काठीने, गरीने, म्हणजे गळाने, एकट्याने जिताडा काढायचा.

ह्या बेतावरून ह्यांचं आणि धाकट्या दिरांचं फोनवर दर रविवारी भांडण. दीर गावीच असतात, पागाने मासे धरतात. पाग म्हणजे अंगावरून फिरवून पाण्यात फेकायचं गोल जाळं. ते फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"दादूस, तुझी काठी ठेव कपाटान. मी एक पाग टाकतो, जिताडा घरान."

"जाल्यान कोन पन धरील. गरीला लावून दाव, मग बोल. आनि आयक, उघाडीच्या पुढ्यान पाग टाकायचा नाय. ती जागा माझी हाय. मी येयपर्यंत कोनी हात नाय लावायचा."

"आनि तू येनार कदी? जिताडे म्हातारे झाले वाट बघून."

"येतो रं. येतो."

दीर चेष्टा करायचे, पण उघाडीपुढे त्यांनी खरंच कधी पाग टाकला नाही. दुसरं कुणी टाकायला आलं तर "दादूसची जागा हाय" म्हणून हाकलायचे. जाऊबाई मला सांगायच्या, "वयनी, दारान मासा सोरून आमी बाजारान विकत घेतो, तुमच्या नवऱ्यापायी."

जिताड्यासाठी काठी आणि रील घ्यायचं ह्यांनी ठरवलं, तेव्हा रिटायर व्हायला थोडाच अवकाश उरला होता. लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हा ह्यांनी चहा संपायच्या आत होकार दिला होता. रीलला सहा महिने लागले. सालमियात मासेमारीच्या सामानाचं एक दुकान आहे, दुकानदार केरळचा. दर शुक्रवारी हे जायचे, काचेतली एकेक रील बाहेर काढायला लावायचे, कानाला लावून फिरवायचे आणि परत ठेवायचे. दुकानदार मला म्हणायचा, "चाची, चाचा रील लेने आते हैं या गाना सुनने?"

पण ह्यांचं बोलणं ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं. जिताडा गरी गिळली की पळून मोकळ्या पाण्यात जात नाही, तो शिरतो तिवराच्या मुळांत नाहीतर उघाडीच्या खांबांत. तिथे दोरी गुंडाळली की संपलं. म्हणून काठी शेंड्याला मऊ हवी, म्हणजे त्याने तोंड लावलेलं हाताला कळतं, आणि कमरेत ताठ हवी, म्हणजे त्याला वळवता येतं. नुसती ताठ घेतलीत तर गरी त्याच्या तोंडातून फाडून निघते. नुसती मऊ घेतलीत तर तो तुम्हाला फिरवतो. रील मध्यम आकाराची, फार मोठी घेतली तर मनगट भरून येतं. दोरी वेणी घातल्यासारखी बारीक विणलेली, ती ताणत नाही. पण तिच्या टोकाला हातभर जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, जोडायचा, कारण जिताड्याला दात नसले तरी त्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरी तो मान झटकून कापतो. आणि सगळ्यात महत्त्वाचा रीलचा ड्रॅग. मासा जोरात पळाला की रील आपणहून थोडी दोरी सोडते, म्हणजे दोरी तुटत नाही. ती किती सोडायची ते वरच्या चक्रीने आवळून-सैल करून ठरवायचं. हे म्हणायचे, "मला ही सोडताना झटका देणारी नको. समजुतीने सोडणारी पाहिजे."

शेवटी एक काळी रील मिळाली. तिचं हँडल भोकातून आरपार बोल्टने बसवलेलं नव्हतं, सरळ आत आटे देऊन फिरवून बसायचं. हे म्हणाले, ह्याच्यात खेळ नसतो, हाताने फिरवलेलं सगळं आत पोचतं. हँडल उजवीकडे लावून घेतलं. आपल्याकडच्या जुन्या माणसांसारखं ह्यांचं जोराचं सगळं काम उजव्या हाताचं, काठी डाव्यात.

ती रील जिताड्यासाठी म्हणून बाजूला ठेवली. हमूरला जुन्याच. ह्यांची अगदी पहिली रील तर खोबरेलानेच गेली होती. बॅचलर खोलीत राहायचे तेव्हा. आपल्याकडे कुलपाला, कातरीला, केसांना, सगळ्याला खोबरेल, तसं ह्यांनी रीलमध्येही घातलं. उन्हाळाभर झकास चालली. जानेवारीत भल्या पहाटे किनाऱ्यावर गेले, तर हँडल हलेना. आत तेल तुपासारखं थिजलेलं. काडेपेटीच्या काड्या ओढून रील शेकत बसले होते म्हणे. ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे आणि सगळ्यांत जास्त स्वतःच हसायचे. ते हसू मला आता नीट आठवत नाही. प्रयत्न केला की फक्त दात आठवतात, आवाज येत नाही.

रीलची आंघोळ कशी घालायची तेही सांगते, एवढं सगळं शिकून ते माझ्याबरोबरच वाया जायला नको. आधी ड्रॅगची चक्री घट्ट आवळायची, म्हणजे पाणी आतल्या चकत्यांत जात नाही. मग पाणी हळू, हातावरून ओतल्यासारखं. नळाच्या जोरात धरलीत तर मीठ निघायच्या ऐवजी आत ढकललं जातं. आणि इथे पाण्याचीच गंमत. उन्हाळ्यात टाकी गच्चीवर तापते, गार पाण्याच्या नळाला हात लावला तर पोळतो, आतलं ग्रीस वितळून बाहेर येईल असं पाणी. म्हणून इथे सगळेच करतात तसं आम्ही एप्रिल-मेपासून गीझर बंद करून टाकायचो आणि गरम पाण्याचा नळ सोडायचो, घरात तेवढंच, गीझरच्या टाकीतलं पाणी सावलीतलं. ते बादलीत काढून ठेवायचं, रीलसाठी. धुऊन झाली की झटकायची, माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसायची, आणि चक्री सैल सोडायची. ती आवळलेलीच राहिली तर आतल्या चकत्या दबून बसतात आणि मग ती रील झटके देते. दोरी जिथे वळते त्या चाकीवर तेलाचा एक थेंब. काठीच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवायचा. कापसाचा तंतू अडकला तर कड्याला चीर आहे समजा, ती दोरी कापणार. शेवटी रील कानाला लावून फिरवायची. वाळूचा एक कण आत गेला तरी किरकिर ऐकू येते.

हे काम आधी हे करायचे, मी बाजूला उभी राहून बडबड करायचे. मग ह्यांचे गुडघे धरले, तर ते स्टुलावर आणि खाली बसून मी. "अगं चक्री आवळलीस का?" "आवळली." "खरंच?" "नाही, तुमची गंमत करते." असं चालायचं.

मग गेल्या वर्षी, रिटायर व्हायचे कागद होत आले होते तेव्हा, ह्यांना झटका आला. कामावर, जिन्यातच. उजवी बाजू गेली. वाचा गेली म्हणावी तर गेली नाही, पण शब्द एकेक करून यायचे, आणि हवा तो येत नसला की हे तोंड मिटून घ्यायचे. जाब्रियाला मुलगी हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून सगळं वेळेवर झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले हाताचं सांगता येत नाही, व्यायाम करत राहा, माणसाची इच्छा लागते. मुलीने रबरी चेंडू आणून दिला, दाबायला. ह्यांनी तो डाव्या हाताने उचलून भिंतीवर फेकला. मग पलंगाखाली गेलेला तो चेंडू कुणी काढला नाही.

माणसाची इच्छा लागते. मी ते वाक्य घेऊन घरात फिरत राहिले. ह्यांना कशाची इच्छा आहे ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? दुपारी हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. टीव्ही लावला तर डोळे मिटायचे. नात फोनवरून "हाय आजोबा, हाऊ आर यू?" म्हणाली की डोळ्यांतून पाणी. मी रील कानाजवळ नेली तर मान वळवली. रविवारी दिरांचा फोन आला की मी सांगायचे, झोपलेत. ते जागे असायचे आणि मी सांगतेय ते ऐकत असायचे.

तेव्हा मी डोक्यात एक वेड घेतलं. ह्यांच्या हाताने एकदा, फक्त एकदा रील फिरली, दोरीच्या टोकाला मासा असताना, की हे भिंतीकडून परत फिरतील. हे मी कुणाला बोलले नाही, पण मनाशी पक्कं धरलं. ते झालं तर आम्ही गावी जाणार होतो. नाही झालं तर, त्याच्या पुढचा विचार मी करत नव्हते.

उजवा हात नाही, मग डावा आहे ना. रीलचं हँडल ह्या बाजूचं त्या बाजूला लावता येतं. पलीकडची टोपी काढायची, हँडल उलटं फिरवलं की आटे सुटून बाहेर येतं, मग ते डावीकडून घालून आवळायचं, आणि टोपी उजवीकडे. मी ते टेबलावर वर्तमानपत्र पसरून केलं, ह्यांच्यासमोर. जिताड्याची रील. बाकीच्या जुन्या होत्या, पण मला तीच हवी होती. हे बघत होते, सगळं बघत होते. टोपी आवळून झाल्यावर मी म्हटलं, "काठी मी धरते, तुम्ही फिरवा. दोघं मिळून एक माणूस होतो की नाही?"

 ह्यांचा डावा हात आला, आणि हँडलवर बसला. दोन वेढे फिरवलं. मी तोंड फिरवून ओट्याशी गेले, कांदा नसताना कांदा चिरत्यासारखी उभी राहिले.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ही इज नॉट अ चाइल्ड. तू त्यांना गेम देतेयस."

"मी त्यांना काम देतेय," मी म्हटलं. "तू फक्त गाडी चालव."

थंडी संपत आलेली, शुक्रवारची संध्याकाळ, ऊन उतरलेलं. सालमियाच्या किनाऱ्याला चालायला फरसबंदी रस्ता आहे आणि त्याच्या कडेला मोठे मोठे धोंडे, खाली पाणी. मुलीने व्हीलचेअर कडेपर्यंत आणली, ब्रेक लावला आणि ती गाडीजवळ उभी राहिली. शेजारी एक म्हातारा कुवेती घडीच्या खुर्चीत बसला होता, काठी धोंड्यात रोवून, बाजूला चहाचा थर्मास. तो ह्यांना पूर्वीपासून तोंडओळखीने ओळखायचा. ह्यांना असं बघून तो उठून उभा राहिला, छातीला हात लावून "सलामात, सलामात" म्हणाला, लवकर बरे व्हा अशा अर्थाने. ह्यांनी मान खाली घातली.

गरीला कोळंबी लावायला मला येतं, डोक्यापासून नाही, शेपटीकडून. फेकायला मात्र नीट येत नाही. पहिली फेक धोंड्यांतच पडली. दुसरी पाण्यात, जवळच. मी काठी धरून व्हीलचेअरला टेकून उभी राहिले, रील ह्यांच्या डाव्या हाताशी येईल अशी. "फिरवा हळू." फिरवलं. दोरी आली, कोळंबी आली. परत फेकली, परत फिरवलं. मुलगी लांबून बघत होती, हळूहळू चालत जवळ आली. तिने फोन काढला, फोटो काढायला. ह्यांची मान वर होती. तोंडाची वाकडी झालेली बाजू वाकडीच होती, पण डोळे पाण्यावर, जिथे दोरी पाण्यात शिरते तिथे. किती दिवसांनी ते डोळे भिंतीवर नव्हते.

मग काठीच्या शेंड्याला टकटक झालं. मला हातात कळलं, आणि ह्यांना माझ्याआधी कळलं. घशातून एक आवाज आला. शेंडा वाकला, रीलने थोडी दोरी सोडली, समजुतीने, झटका न देता, जशी ह्यांना हवी होती तशी.

"फिरवा! अहो, फिरवा!"

ह्यांनी फिरवलं. आणि कसं सांगू, आयुष्यभर उजव्या हाताने फिरवलेलं. हळू फिरवताना डाव्या हाताला जमत होतं. घाई झाली, अंगात जोर आला, तसा जुन्या सवयीचा सगळा घोटाळा झाला आणि हात उलटा फिरला. मागे. ती रील मागे फिरत नाही, दोरी सुटू नये म्हणून आतून अडवलेली असते. मग मागे फिरवलं की काय होतं? हँडलचे आटे सुटतात. जसे मी टेबलावर सोडवले होते तसे.

"उलटं नको, अहो, पुढे, पुढे..." मी ओरडत होते आणि हे अजून जोर लावत होते, त्याच बाजूला. मुलगीपण ओरडली, "बाबा, अदर वे!" आणि हँडल निघून ह्यांच्या हातात आलं.

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. हातात धरलेलं, कशालाच न लावलेलं हँडल. मग बोटं सुटली. ते धोंड्यावर वाजलं, पुन्हा खालच्या धोंड्यावर वाजलं, आणि फटीतून पाण्यात गेलं. तो म्हातारा कुवेती वाकून हात घालायला गेला, पण तिथे हात पोचत नव्हता.

मासा अजून होता. मी काठी मुलीच्या हातात कोंबली आणि दोरीच धरली. लहानपणी खाडीवर आम्हाला कुठली काठी आणि कुठली रील? तंगूस हाताने ओढायचा, पायाशी गोळा करायचा. मी तसंच ओढायला लागले. पण ही दोरी तंगूस नाही, वेणीची. पहिल्या ओढीला हातात बसली, दुसऱ्या ओढीला कापून आत गेली. मला दुखत नव्हतं, खरंच सांगते. मला वाटत होतं, मी सोडली नाही तर अजून काही गेलेलं नाही. वर काढू, ह्यांच्या मांडीवर ठेवू, ओला, तडफडणारा, आणि हँडलचं मागाहून बघू.

"सोड."

मी ऐकलं नाही.

"सोड गो. हात... कापेल."

एवढं लांब वाक्य ह्यांनी आजारपणानंतर बोललेलं नव्हतं. ज्यासाठी मी तळमळत होते तो आवाज आला, आणि आला तो हे म्हणायला. मी दोरी सोडली. रीलने ती दिली, सर्र करून, आणि जरा वेळाने ती ढिली पडली. माशाने गरी झटकून टाकली होती.

मुलीने माझा हात बाटलीतल्या पाण्याने धुतला, ओढणीने बांधला. कुवेती म्हाताऱ्याने थर्मासमधला चहा कागदाच्या कपात ओतून आणून दिला, ह्यांना आणि मला, आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला. ह्यांनी चहा घेतला नाही. उरलेली दोरी मी हाताने फिरकीवर गुंडाळली, एकेक वेढा, मुलगी काठी धरून. ह्यांनी तोंड फिरवून रस्त्याकडे केलं होतं, समुद्राकडे पाठ. घरी येईपर्यंत तसेच.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दुकानदाराने रील हातात घेतली, हँडलच्या भोकात बोट घातलं, म्हणाला, "चाची, ये मॉडेल बंद हो गया. हँडल मंगवाने की कोशिश करता हूँ. चाचा कैसे हैं?" मी म्हटलं ठीक आहेत. काचेत नव्या रील होत्या, चकचकीत. त्याने एक काढून माझ्यासमोर ठेवली. मी ती कानाला लावली, सवयीने. मग परत दिली. मुलगीही म्हणाली, नवी घेऊ, आपण परत जाऊ, ह्या वेळी मी फेकते. तिने खरंच मनापासून म्हटलं. ह्यांना विचारलं तर ह्यांनी नुसतं डावं बोट हलवलं. नको.

पुढच्या शुक्रवारी मी निळ्या बादलीत पाणी काढलं. किनाऱ्यावर गेलो नव्हतो, मीठ नव्हतं, तरी काढलं. चक्री आवळली, हळू पाणी ओतलं, पुसली, चक्री सैल केली. हँडलच्या भोकातून धूळ जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावली. फिरवून बघायला हँडल नाही, मग वरचा भाग बोटांनीच फिरवला, कानाला लावून. आत किरकिर नाही. काहीच नाही. एक कण वाळू नाही. मी ती ह्यांच्या कानाशी नेली नाही.

रविवारी दिरांचा फोन आला. मी "झोपलेत" म्हणायच्या आधी ह्यांनी हात पुढे केला. मी फोन स्पीकरवर लावून ह्यांच्या उशीवर ठेवला.

"दादूस! आवाज तरी आयकव रं! आयक, उधानाची ओहोटी चाललीय. काल उघाडीपाशी जिताडा उसळला, मी बगितला, एवरा! माझा हात नुसता शिवशिवला. पन नाय टाकला पाग. दादूसची जागा हाय. तू काठी घेऊन ये, मी तुला खांद्यावर नेतो बांधावर, बसवतो खुर्चीन. कदी येतोस?"

 मला वाटलं ह्यांना शब्द येत नाहीये, तोंड मिटून घेतील. पण शब्द शोधत नव्हते. तो सापडलेला होता.

"पाग," हे म्हणाले. "टाक."

पलीकडे कोंबडी ओरडत होती, जाऊबाईंचा भांड्यांचा आवाज येत होता.

"काय बोललास, दादूस?"

"टाक. पाग."

  दीर बारीक आवाजात म्हणाले, "वयनी हाय का तितं? वयनी, काय बोलतोय तो?"

मी तिथेच होते, उशीपाशी. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. 

"भावजी," मी म्हटलं, "जागा मोकळी झाली म्हणतायत."